हौसाकाकूचा लग्नातला पाट

आमच्या शेजारच्या हौसाकाकूचं बिरडं रोह्यात नावाजलेलं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि बाजाराच्या दिवशी निडीच्या थांब्यावरून एसटीने रोह्याला न्यायचे. चाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. सत्तरी आली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते ते काकूला कळलं. ज्याने ती पायरी ठरवली त्याला म्हातारी आई नसणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा कंडक्टर गुणाजीने तिला वरून ओढलं, खालून दोघांनी ढकललं. काकू चढली, पण टोपली सांडली. कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या दिनानाथने, तिच्या मुलाने, हे ऐकलं नि फर्मान काढलं, "बास झाला आये. आता घरात बसायचा."

काकू बसली. पंधरा दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं. गिऱ्हाइकं गेली, धोंडुबाई कोळणीबरोबरचा चहा गेला. मला तर तिच्याकडे बघवेना.

मग एके सकाळी तिने माळ्यावरून लग्नातला पाट काढला. सागवानी, चांगला वीतभर उंच. सून मालू हादरलीच. "आये, पाटाला पाय लावाचा नाय!"

"मग लग्नात मी त्याच्यावर डोक्यावर उभी व्हते काय गो?"

थांब्यावर काकूने पाट मांडला, नवरीसारखी त्यावर उभी राहिली आणि झोकात गाडीत चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी सुटली. पाट मात्र रस्त्यावरच राहिला!

हे काकूच्या ध्यानात आलं ते रोह्यात, दारात उभं राहिल्यावर. उतरता येईना. गुणाजी कपाळाला हात लावून बसला. शेवटी धोंडुबाईने मासळीचा लाकडी खोका उलटा करून दिला तेव्हा स्वारी खाली आली. संध्याकाळी त्याच खोक्यावरून परत चढली. निडीला गाडी थांबली तर खाली मालू उभी, हातात पाट घेऊन.

पुढच्या खेपेपासून पाटाला दोरी आली. चढायचं आणि पाट वर ओढून घ्यायचा. पण वाटेतल्या थांब्यांवरचे म्हातारे काय कमी हुशार! काठी टेकत बुधा यायचा. "काकू, जरा पाट सोडा." मग आवडी, मग आणखी कोणी. गाडीला उशीर होतो म्हणून गुणाजी कुरकुर करायचा आणि पाट स्वतःच मांडायचा.

एका बाजाराच्या दिवशी काकू तापाने पडली. गाडी थांब्यावर आली आणि गुणाजी धावत थेट अंगणात. "काकू नसल्या तर नसल्या, पाट द्या! पुढं बुधा उभा असंल."

दिनानाथला सुट्टी होती. पाट घेऊन तोच गाडीत बसला. रोह्यापर्यंत सात वेळा त्याने पाट खाली मांडला, सात म्हाताऱ्या माणसांना हात दिला. बुधा त्याला म्हणाला, "तुझ्या आयेमुळं मी लेकीकडं जातो रे."

पुढच्या रविवारी दिनानाथने अंगणात फळ्या ठोकल्या. रुंद, घट्ट पाट केला, धरायला दांडा लावला. "आये, हा घेऊन बाजारात जा. लग्नातला तेवढा घरात ठेव."

बाजारात जा! मुलाच्या तोंडून हे ऐकायला काकू किती दिवस थांबली होती. तिचे डोळे भरून आले, पण ऐकेल ती काकू कसली.

"नवा गुणाजीला दे, गाडीत राहू दे. माझा मला हाय. ह्या पाटावर उभी राहिले नि ह्या घरात आले. आता ह्याच्यावरच उभी राहून भायेर पडते."