मंजुनाथ सरांची बिडी

आधी हसायचं नाही, तर सांगतो. लोकांची चोरी पकडायला पोलीस लागतात. मला माझी पोटरी पुरली!

पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बायको मेधा मूळची इथलीच, जयनगरात वाढलेली, कन्नड फाडफाड. मला दोनच शब्द येत: 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं. तेवढ्यावर रिक्षा, इडली आणि शेजारी भागत होते.

खुर्चीत बसून बसून माझं अंग आखडलं, म्हणून एका रविवारी सकाळी मेधाने मला मंजुनाथ सरांच्या वर्गात नेलं. स्नायूंभोवती म्हणे एक पातळ जाळं असतं, संत्र्याच्या फोडीवर असतं तसं. फॅशिया. ते आखडलं की माणूस आखडतो. मग चेंडू नि रोलर घेऊन आपलं आपणच ते रगडायचं.

"बॉडी कुछ नहीं छुपाता सार," सर म्हणाले. "मैं हाथ लगाया तो सब मालूम."

मी चटईवर वीतभर मागे सरकलो! कारण दोन वर्षांपूर्वी मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडली होती. आणि रोज दुपारी ऑफिसमागे एक ओढत होतो. मेधाला कळलं तर? लेकीला काय तोंड दाखवू?

मी रोलरवर पाय टाकला. सरांनी पोटरी दाबली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "बिडी."

मेलो! विडी ओढलेली पोटरीत कळते?

"स्वल्प बिडी, सार."

थोडी बिडी! अहो, प्रमाणसुद्धा कळलं या माणसाला! आणि शेजारच्याच चटईवर मेधा. मला दरदरून घाम फुटला, पाय लाकडासारखा ताठ. पाय जसा ताठ होत गेला तसा सरांचा आवाज चढत गेला.

"बिडी सार, बिडी! पूर्ती बिडी!"

"सर, धीरे बोलिए ना," मी हात जोडले.

"टेन्शन क्यों सार? बिडी!"

आता तुम्हीच सांगा, कोण टिकेल? मी ताडकन उठून बसलो आणि ओरडलो, "बिडी नाही हो सर! सिगारेट! रोज एकच, ऑफिसच्या मागे!" घाबरलो की मला हिंदी सुचत नाही.

अख्खा वर्ग आपापल्या रोलरवर थिजला.

"अहो," मेधा अगदी हळू म्हणाली, "कन्नडात बिडी म्हणजे सोडा. अंग सैल सोडा म्हणतायत ते."

"मग... सिगारेटचं त्यांना..."

"काहीच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

मग तिने सरांना कन्नडातून सगळा प्रकार सांगितला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सरी सार. अदन्नू बिडी."

'तेही सोडा.' आयुष्यात पहिल्यांदा अख्खं कन्नड वाक्य मला कुणी न सांगता कळलं. आणि अंग म्हणाल, तर ते असं सैल पडलं होतं की मेधा "चला घरी, आता लेकीला सांगा," म्हणाली तरी मला चटईवरून उठता येईना!