सुतकातल्या मेंढ्या

वडील गेले त्या उन्हाळ्यात आमच्या मेंढ्यांना खरूज झाली होती. ओरत्तनाडूजवळ आमची शेती. तंजावूरच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर वडिलांनी तिथं सातआठ मेंढ्या पाळल्या होत्या. भाताची कापणी झाली की दक्षिणेकडचे मेंढपाळ मोठे कळप घेऊन येत आणि खतासाठी शेताशेतात रात्रभर मेंढ्या बसवत. त्या वर्षी वडिलांनी आमच्या मेंढ्याही त्यांच्यात बसवल्या. परत आल्या त्या खांबाला अंग घासतच. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील गेले आणि मेंढ्यांकडे बघायचं राहून गेलं.

सुतकातच एका सकाळी आईच्या लक्षात आलं की गाभण मेंढीनं चारा सोडलाय. तिच्या मानेवरचे केस गळून जाड खपल्या धरल्या होत्या. भावानं एसटीडी बूथवरून गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, केस कापा, खपल्या धुऊन काढा, करंजाच्या तेलात गंधक कालवून सगळ्याच मेंढ्यांना चोळा. आठवड्यानं पुन्हा चोळा, कारण किड्यांची अंडी तेलानं मरत नाहीत. एखादी गाभण आहे म्हणून थांबू नका.

घरात आत्या होती, वडिलांची थोरली बहीण.

"सुतकात घरात तेलाचा हात नाही लावायचा," ती म्हणाली. "दहावा होऊ दे."

"मेंढीला लावायचंय, वन्सं."

"मेंढ्या घरच्याच ना? का शेजाऱ्यांच्या?"

"घरच्या म्हणून त्यांनाही सुतक असेल, तर दहाव्याला नदीवर नेऊन त्यांचीही डोकी भादरू या."

आत्या हसली नाही. "त्यापेक्षा कसायाला देऊन टाक. रोग कशाला ठेवायचा दारात?"

"ह्यांनी आणलेली जनावरं आहेत," आई म्हणाली. "मी विकणार नाही. आणि हिला मरूही देणार नाही."

मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. त्या दिवसांत मी पुस्तक नुसतं हातात धरायची. आईनं मला उठवलं आणि मेंढीची मान धरायला लावली. ती स्वतः कात्री घेऊन बसली. कोमट पाण्यानं खपल्या भिजवल्या, मग कोपरापर्यंत हात तेलात घालून एकेक मेंढी चोळली. करंजाचा कडू वास घरभर झाला. आत्या आतल्या खोलीत गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. शेवटी आईनं हात पोत्याला पुसले. स्वतःच्या केसांना तिनं दहावा होईपर्यंत तेल लावलं नाही.

भावानं गोठ्यातला जुना पेंढा जाळला आणि गाभण मेंढीला बाकीच्यांपासून दूर वेगळ्या खुंट्याला बांधलं. ती दोन दिवस नुसतं पाणी प्यायली, मग चिंचेच्या पाल्याला तोंड लावू लागली.

दुसऱ्यांदा तेल लावायची वेळ आली तोवर दहावा उरकला होता. पाहुणे गेले. आत्याचीही पिशवी भरलेली होती. तरी ती पदर खोचून अंगणात आली आणि मेंढीचे मागचे पाय धरून बसली.

"नीट चोळ गं," ती आईला म्हणाली. "मांडीच्या आत राहिलंय."

आईनं चोळलं. मेंढीनं एकदा अंग झटकलं आणि आत्याच्या लुगड्याला तेल लागलं. आत्यानं त्याकडे पाहिलं आणि पाय सोडले नाहीत.

पुढं मेंढी व्याली. तिच्या मानेवर केस यायला बराच वेळ लागला, पण खांबाला तिनं पुन्हा अंग घासलं नाही. तेव्हा आईनं तिचा वेगळा खुंटा उपटला आणि तिला पिलासकट बाकीच्यांत सोडलं.