रेडिओच्या सुईचा आकडा

फ्राउ नोआक यांच्याविषयी पंढरीनाथ लेल्यांना खरं तर फारसं काही ठाऊक नव्हतं. स्टुटगार्टच्या एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत दोघांनी अकरा वर्षं काढली. पण बाईंचं पहिलं नाव रेनाटे होतं, हे पंढरीनाथांना कळलं ते बाईंच्या जावयाने खाली लावलेल्या निधनाच्या चिठ्ठीवरून. बाई पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या, निवृत्तीनंतर मुलीजवळ राहायला आलेल्या, कॉफी कडक पिणाऱ्या. एवढ्यावर कुणाचं आयुष्य लिहायचं म्हणजे धाडसच. तरी एक गोष्ट त्यांनी पंढरीनाथांना सांगितली होती, आणि ती मुलीलाही सांगितली नव्हती.

एका दुपारी पंढरीनाथांच्या पत्नीचा, कुमुदिनीबाईंचा, डबा परत करायला त्या आल्या, तेव्हा पंढरीनाथ जुना ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. बाई त्याच्याकडे बघत उभ्याच राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून पंढरीनाथ म्हणाले, "आमच्या लहानपणीही रेडिओ सरकारीच होता. तुमच्याकडे होता तसाच."

"तसाच?"

"काही वर्षं सिनेमाची गाणीसुद्धा लावत नव्हते. मग वडील सिलोन लावायचे."

"आणि ते लिहून कोण घ्यायचं?"

"लिहून कोण घेणार? आजोबा ओरडायचे, इतकंच."

बाई हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. आपण केलेली तुलना किती चुकीची होती, हे पंढरीनाथांना पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

बर्लिनची भिंत उभी होती त्या काळात बाई लाइपझिगच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम करत. सहावा मजला त्यांचा. प्रत्येक खोलीत पलंगाशेजारी भिंतीत रेडिओ बसवलेला. त्याला तीन बटणं, आणि तिन्हींवर सरकारचंच बोलणं. पाहुणा येण्याआधी तो हळू आवाजात लावून ठेवायचा, असा नियम होता. काही पाहुणे स्वतःचा छोटा रेडिओ घेऊन येत. ते न्याहारीला गेले की त्या रेडिओची सुई कोणत्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि खोलीच्या नंबरापुढे वहीत लिहायचं, हेही कामातच धरलेलं.

"मी आधी सुई आपल्या स्टेशनवर आणायची, मग आकडा लिहायची," बाई म्हणाल्या. "कितीतरी वर्षं. पाहुण्याला वाटायचं, पुसताना धक्का लागला."

"म्हणजे तुम्ही लोकांना वाचवलंत."

"एकाला मात्र नाही."

सलग दोन महिने वहीत काहीच सापडलं नाही म्हणून वरून विचारणा झाली होती. त्यानंतरच्याच आठवड्यात ६१४ नंबरच्या खोलीत कुठल्याशा गावचा शाळामास्तर उतरला. सुई भिंतीपलीकडच्या, पश्चिमेच्या स्टेशनवर होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं. बाईंनी सुईला हात लावला नाही. होता तो आकडा लिहिला आणि खाली सही केली. मास्तरांची नोकरी गेली. पुढची सगळी वर्षं ते कोळशाच्या वखारीत कामाला होते.

हे सगळं आत्ता निघालं, कारण मास्तरांच्या मुलीचं पत्र आलं होतं. वडिलांवरची सरकारी फाइल तिने मागवून वाचली होती, आणि त्यात बाईंची सही होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पत्र आणून टेबलावर ठेवलं. पंढरीनाथांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. रागाचा एक शब्द नव्हता. वडील यावर कधी बोलले नाहीत, फाइलमध्ये नुसता आकडा आहे. ते काय ऐकत होते, तुम्हाला आठवतं का? भेटाल का?

"आठवतं?" पंढरीनाथांनी विचारलं.

"मी सकाळी क्षणभर लावून पाहिला होता. नद्यांची पाणीपातळी सांगत होते. राइन, मोझेल. रात्री ते काय ऐकत होते, मला कुठून कळणार? पाणीपातळी सांगायला मी तिच्यासमोर जाऊन बसू? तुम्ही गेला असतात का, लेलेसाहेब?"

 आयुष्यभर पंढरीनाथांनी यंत्रांचे आराखडे काढले. माणसांना सल्ले देण्याची वेळ सहसा आली नव्हती. ते चष्मा पुसत राहिले.

"अहो, काय म्हणतायत त्या?" आतून कुमुदिनीबाई.

पंढरीनाथांनी मराठीत थोडक्यात सांगितलं.

"मग जायला सांगा की. तुमच्यासारखं चष्मा पुसत बसून कसं चालेल? ती पोर वाट बघत असेल."

पंढरीनाथांनी चष्मा पुसण्याचा भाग वगळून बाकीचं जर्मनमध्ये सांगितलं.  बाईंनी पत्राची घडी केली, ती पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या. आठवड्याभराने त्यांनी दारावर टकटक केली. "गुरुवारी लाइपझिगला जाते. शुक्रवारी अकराला भेटायचं ठरलंय."

लाइपझिगला बहिणीच्या घरी, रविवारी पहाटे, झोपेतच त्या वारल्या. म्हणजे शुक्रवार त्यांना मिळाला. तिथे काय बोलणं झालं, ते पंढरीनाथांना माहीत नाही. बाईंच्या मुलीला विचारावं असं त्यांना फार वाटलं. पण आईने जे तिला सांगितलं नव्हतं, ते आपल्या तोंडून निघायला नको, म्हणून ते गप्प राहिले.

त्या गुरुवारी बाईंची बॅग घेऊन ते एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवर गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता. पाटीवर गाडीला सहा मिनिटं उशीर दाखवत होते.

"बसू या मग," बाई म्हणाल्या.

"बाक ओला आहे."

"असू द्या. कोट जुनाच आहे."