फायनलच्या आधीचं बक्षीस

आमचे कराटेचे सर मूळचे यंत्रमाग कामगार. भवानी पेठेत दिवसा टॉवेल विणायचे आणि संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्हाला लाथा मारायला शिकवायचे. लग्नसराईत हॉल मिळाला नाही की क्लास गच्चीवर भरायचा आणि खालून येणाऱ्या जिलेबीच्या वासात आम्ही मन एकाग्र करायचो. सर शिकवायचे उत्तम, पण त्यांचा जीव शिकवण्यापेक्षा स्पर्धा भरवण्यात जास्त. स्पर्धा म्हणजे मांडव, माईक आणि सत्कार. पाहुणा दिसला की सर त्याच्या खांद्यावर शालीऐवजी आमच्या गावची चादर टाकायचे. पाहुण्यांचे भाऊ आणि ड्रायव्हरही सुटायचे नाहीत. सत्कार आटोपेपर्यंत आमची जेवायची वेळ व्हायची आणि मग लढती उरकायच्या.

त्या वर्षी मी फायनलला पोचले. वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिला नंबर आला तर क्लास, नाहीतर बास झालं. मुलीच्या जातीनं लोकांच्या पोरींना बुक्क्या मारायच्या, हे त्यांना पटतच नव्हतं. त्यांची समजूत घालून घालून थकलेली आई सुट्टी टाकून बघायला आली होती.

मी आणि लातूरहून आलेली एक मुलगी, आम्ही दोघी हातमोजे चढवून उभ्या राहिलो, तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एका दुकानाच्या उद्घाटनाला जायचं होतं. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. आधी बक्षीस समारंभ, मग फायनल, असं माईकवर जाहीर करून टाकलं. मी तोंड उघडणार तोच ते हळूच म्हणाले, "गळ्यात काय बी पडू दे गं. फोटो निघू दे, नंतर बदलू की."

पाहुण्यांनी सुवर्णपदक लातूरच्या मुलीच्या गळ्यात घातलं, कारण ती त्यांच्या जवळ उभी होती. रौप्य माझ्या वाट्याला आलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, पाहुणे गेले. त्यांच्या मागोमाग लातूरची जीपही गेली. त्या मुलीचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. सोनं गळ्यात पडल्यावर मार खायला कोण थांबतं?

मॅटवर मी एकटी उरले. प्रतिस्पर्धी गैरहजर म्हणून सरांनी नियमाप्रमाणे माझा हात वर केला आणि मला विजेती घोषित केलं. तोवर हळदीच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या हलवायला सुरुवात झाली होती. मला इतका संताप आला की सरांनाच एक लाथ घालावीशी वाटली.

आईनं पदक उलटंपालटं करून पाहिलं. "जिंकलीस म्हणतीस, मग हे दुसऱ्या नंबरचं कसं गं?" मी पदक तिच्या हातातून घेऊन पिशवीत टाकलं. वडिलांना तर कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सर घरी आले. त्यांच्याजवळ सुवर्णपदक नव्हतं, चादर आणि नारळ होता. घरात माईक नव्हता तरी माईकवर बोलावं तसं बोलून त्यांनी 'विजेत्या खेळाडूचे वडील' म्हणून माझ्या वडिलांचा सत्कार केला. आयुष्यभर पोती वाहिलेल्या त्या खांद्यावर चादर पडली आणि वडील अवघडून उभेच राहिले. त्यांनी पदकाचा रंग विचारलाच नाही. सर गेल्यावर चादरीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला क्लासला." त्या दिवशी मी सरांना माफ केलं. अर्धंच, पण केलं.

आता क्लास मी चालवते. दरवर्षी स्पर्धाही भरवते. बक्षीस समारंभ फायनलनंतरच होतो आणि प्रमुख पाहुणे म्हणून सरांनाच बोलावते. ते सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, खांद्यावर चादर घेऊन शेवटच्या लढतीपर्यंत बसून राहतात. त्यांना आता पुढे कुठं जायचं नसतं.