साहेबांचं प्रकाशवर्ष

परंड्याकडच्या वाशीत एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. विज्ञान दिनाला 'ताऱ्यांचे वेग' यावर बोला, असं प्राचार्यांनी सांगितलं. अध्यक्षस्थानी अर्थातच संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे साहेब. त्यांचं शाल-श्रीफळ आटोपेपर्यंत अर्धी पोरं पेंगायला लागली होती.

मी म्हटलं, ताऱ्याचा वेग दोन तऱ्हांनी मोजतात. तो आपल्याकडे येत असेल तर त्याचा प्रकाश जरा निळ्याकडे सरकतो, लांब जात असेल तर तांबड्याकडे. त्यावरून निघतो तो अरीय वेग. पण तारा आडवा सरकत असेल, तर आकाशातली त्याची जागा वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं. दोन्ही मिळून खरा वेग.

साहेबांनी हात वर केला. "मॅडम, ते ऱ्हाऊ द्या. तारा किती स्पीडनं पळतो, एक आकडा सांगा."

"एकच आकडा नसतो, साहेब. कुठला तारा, कशाच्या मानानं…"

"म्हंजे तुमालाच नक्की ठाव न्हाय!"

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं प्राचार्य.

मग साहेब उठले. "पोरांनो, जगात सगळ्यात मोठा वेग म्हंजे प्रकाशवर्ष! त्या वेगानं तालुक्याचा विकास करायचाय." टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट हेच छापून आलं. मी बातमीत 'इतर मान्यवर' होते.

पुढच्या चाचणीत मी मुद्दाम विचारलं, ताऱ्याच्या वेगाचे प्रकार लिहा. निम्म्या वर्गानं लिहिलं: अरीय, आडवा आणि प्रकाशवर्ष. मी तिसऱ्यावर फुल्या मारल्या, तर प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"साहेबांचं वाक्य चूक कसं देता?"

"सर, प्रकाशवर्ष हे अंतर आहे. प्रकाश वर्षभरात जेवढं लांब जातो तेवढं."

"असेल हो. पण आपल्या संस्थेत तो वेग आहे."

"तसं लेखी द्या, मी मार्क देते."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. लेखी काही आलं नाही. फुल्या राहिल्या.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीचे वडील आले. हातात पेपरचं कात्रण.

"मॅडम, छापलेलं चूक कसं?"

मी सांगितलं, इथून परंडा किती लांब ते अंतर, अन् एसटी किती जोरात जाते तो वेग. त्यांनी थोडा विचार केला.

"व्हय की. मंग सायबच चुकले."

"चुकले."

"पोरीचं मार्क कापा तुमी," ते उठत म्हणाले, "पण सायबाला कुणी सांगू नगा. माजा ऊस अजून रानात उभा हाय. तोडीची टोळी त्येंच्याच फोनवर येती."

मला हसू आलं आणि लगेच रागही. कुणावर, ते ठरवता आलं नाही. त्यांचा ऊस वेळेवर गेला, पोरीनं पुढच्या चाचणीत नीट उत्तर लिहिलं. साहेबांना मात्र कुणीच काही सांगितलेलं नाही.

यंदा कॉलेजात दुर्बीण आली. उद्घाटन साहेबांच्याच हस्ते, भर दुपारी. पुढचं झाकण काढायच्या आधीच त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "वा!"

मग प्राचार्यांनीही वाकून पाहिलं. "अप्रतिम, साहेब."