नऊ सप्टेंबरचे हैदरभाई

हवामानाचा आकडा विचारायला माणूस पायी चालत येतो, हे मी हैदरभाईंमुळे पाहिलं. एरवी बुलढाण्यात तापमानावाचून कुणाचं अडत नाही. घाम आला की ऊन, दात वाजले की थंडी, एवढ्यावर गावाचं भागतं. माझे यजमान नीळकंठराव शाळामास्तर. ते चिडवायचे, "जे सगळ्यांना अंगावर कळतं ते कागदावर लिहायचा तुला पगार मिळतो." मी म्हणायची, "आणि समोर बसलेली पोरं मोजायचा तुम्हाला." मग ते वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

आमचं हवामान केंद्र गावाबाहेर, घाटाच्या तोंडाशी. कुंपणाच्या आत हिरवळ, हिरवळीवर चार पायांची पांढरी लाकडी पेटी आणि पेटीत तापमापक. पावसाळ्यात ढग कुंपणावरून आत उतरायचे आणि पेटी दिसेनाशी व्हायची. मी हात पुढे करून चालायची, लाकूड लागलं की थांबायची. ढगात उभं राहून पारा वाचताना मला नेहमी वाटायचं की खाली गाव उरलेलंच नाही, मी आणि हा पारा एवढंच काय ते शिल्लक आहे. असं वाटायला मला फार आवडायचं, हे कशाला लपवू?

हैदरभाई देऊळघाटचे पिंजारी. गाद्या, उशा, रजया भरून देणारे. यंत्रं आली तरी त्यांनी हाताने पिंजायची धनुकली सोडली नव्हती. ते कापूस पिंजायला बसले की भुवया, दाढी, कान सगळं पांढरं होई, आणि खोलीत कापूस असा तरंगत राही की बोलायला गेलेला माणूस आपोआप हळू बोलू लागे. नव्या बियाण्याच्या कापसावर त्यांचा राग होता. धागा लांब निघतो, पण रजईत ऊब धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो फरक कधी कळला नाही, आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्याच रजईत झोपते आहे.

ते पहिल्यांदा केंद्रावर आले तो दिवस नऊ सप्टेंबर. पोळा झाला आणि पाऊस भोळा, तशी भादव्याची उन्हं. मी कामात होते आणि वैतागलेली होते.

"ताई, मांगच्या साली आजच्या तारखेले किती गरम होतं?"

"छत्तीस पूर्णांक आठ," मी वही उलटून सांगितलं, आणि वर जरा मिरवलंही, "आमच्याकडे नोंदी आहेत तेव्हापासूनचा सगळ्यात गरम नऊ सप्टेंबर."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "मंग त्याले थंडी काऊन वाजली, ताई?"

मी पाणी दिलं आणि ऐकत बसले.

मुजम्मिल त्यांचा एकुलता एक मुलगा. पिंजाऱ्याचं काम त्याला नको होतं, म्हणून तो लोकांच्या शेतात रोजाने फवारणीला जाई. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा जो तो सांगत होता की आता फवारणी सुटली. सुटलीही काही वर्षं. मग तुडतुडे आले, पांढरी माशी आली, आणि पहिल्यापेक्षा कडक औषधं आली. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. नळी वर धरून फवारावं लागे, आणि वर मारलेलं औषध अंगावरच उतरे. मुजम्मिल दुपारी घरी आला तो ओल्या कपड्यांनी, थरथरत. म्हणाला, "अब्बा, थंडी वाजून राह्यली."

ज्याच्या घरात ऊब भरूनच विकतात, तो बाप दुसरं काय करणार? हैदरभाईंनी त्याच्यावर रजई घातली. थरथर थांबेना म्हणून दुसरी घातली. मग गिऱ्हाइकासाठी भरून ठेवलेली नवी कोरी रजई उलगडून घातली. कपडे आत तसेच, औषधाने भिजलेले. त्यांची बायको खुर्शीदा म्हणत होती की दवाखान्यात न्या. हे म्हणाले, ऊब येऊ दे, थंडी उतरते. अखेर नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एवढ्या उन्हात रजई कोण घालतं? औषधाची विषबाधा आहे ही, कपडे काढून आंघोळ घालायची होती." दिवस मावळायच्या आत मुजम्मिल गेला.

एवढ्या उन्हात म्हणजे किती, हे विचारायला हैदरभाई वर्षाने घाट चढून आले होते. आणि मी त्यांना ते मिरवून सांगितलं.

त्यानंतर ते दर नऊ सप्टेंबरला येऊ लागले. दुपारभर पायरीवर बसायचे. मी त्यांच्यासाठी त्या एका तारखेचे जुने आकडे वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. कुठल्या साली त्या दिवशी दुष्काळाचं कोरडं ऊन, कुठल्या साली ढग. मुजम्मिल जन्मला त्या वर्षीच्या नऊ सप्टेंबरला दिवसभर पाऊस होता आणि पारा बाविसाच्या वर गेलाच नव्हता. ते म्हणाले, "हाव. धनुकलीची तात ओली झाली होती. वाजतच नव्हती. मी लेकराले मांडीवर घेऊन बसलो." मग आम्ही दोघं त्या पावसात थोडा वेळ बसून राहिलो. बाहेर कडक ऊन होतं, तरी मला अंगावर गारवा जाणवला. सगळे नऊ सप्टेंबर एकाच ओसरीवर शेजारी शेजारी बसले आहेत, असं काहीतरी वाटत राही. माझ्या वरिष्ठांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझी बदली केली असती.

एका वर्षी त्यांनी मनातलं सांगितलं. "ताई, एखांदा नऊ सप्टेंबर त्याच्याहून गरम येईन ना? मंग तो दिवस दुसरा होईन. दुसऱ्या नंबरचं कोनी ध्यानात ठेवत नाई." त्यांना वाटे की पहिला नंबर गेला की त्या तीन रजयांचं वजनही थोडं कमी होईल. मला हे खुळेपणाचं वाटायला हवं होतं. पण मीही मनात तेच मागू लागले. पारा वाचणाऱ्याने पाऱ्याकडे काही मागू नये, हे नव्या पोरींना शिकवणारी बाई मी.

आणि एक साल तसं आलं. पोळ्यापासून पावसाचा थेंब नव्हता. नऊ सप्टेंबरला सकाळीच हिरवळीवरून पाय भाजायला लागले. हैदरभाई मात्र आले नाहीत. दुपार टळताना मी पेटी उघडली. पारा सदतिसाच्या पुढे गेला होता. मी पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मला आनंद झाला. इतका की मदतनिसाला बसवून मी ऑटो केला आणि थेट देऊळघाट गाठलं.

दारात खुर्शीदाभाभी उशीच्या खोळीला टाके घालत होत्या. हैदरभाई घरात नव्हते.

"सकाळपासून गेले ते गेलेच," त्या म्हणाल्या. "वावरावावरानं फिरून राह्यले. पाठीवर फवारनीचा पंप दिसला की उतरवायले लावते. लोक शिव्या देते, मालक अंगावर धावते. पन आयकत नाई."

आम्ही थांबलो. उन्हं कलल्यावर ते आले. चेहरा रापलेला, ओठ सुकलेले, सदऱ्याची बाही फाटलेली. कुणीतरी ढकललं असावं. भाभींनी तांब्या पुढे केला. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंतही मला दम निघाला नाही.

"हैदरभाई, उच्चांक मोडला. आजचा दिवस त्याच्याहून गरम आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून मी बघत होते, आणि तो उजळला नाही.

"इतकी सालं मी याचीच दुवा मांगत होतो, ताई," ते म्हणाले. "आज सकाळी ऊन चढलं, तवा समजलं. हे ऊन कोनाच्या तरी लेकराच्या पाठीवर पडनार. मी इतकी सालं ते मांगत होतो."

भाभींची सुई थांबली होती.

"तुमी आजचं लिहू नोका," ते म्हणाले. "माह्या मुजम्मिलचाच दिवस सगळ्यात गरम राहू द्या. त्याच्यावरचा दिवस कोनाच्याच घरी नोको."

संध्याकाळच्या नोंदीची वेळ झाली होती, म्हणून मी परत आले. आकडा खराच लिहिला, कारण लिहावाच लागतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नोकरीचा राग आला.