मावशींची भरलेली पाटी

मावशींना कुठल्याही गोष्टीचं वजन नुसत्या नजरेने कळायचं. पापलेट तराजूत पडायच्या आधी त्या आकडा सांगत आणि तराजू निमूटपणे तोच दाखवी. माणसांनाही त्या सोडत नसत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिना उतरताना दिसले की हळूच म्हणायच्या, "पोट मोटा हाय, पन मानूस हलका." मी पोट धरून हसायचो. माझं वजन त्यांनी काय लावलं असेल, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही.

मीरा रोडच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि इम्रानने अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ काढला होता. 'स्टुडिओ' आम्ही म्हणायचो, शेजारी 'कम्प्युटर क्लास' म्हणायचे. नया नगरचा इम्रान चित्रकलेत बापमाणूस, आणि मी बोलण्यात. परदेशी कार्टून मालिकांची उष्टीखरकटी कामं आमच्या वाट्याला येत. मावशी समुद्राकाठच्या पालीहून, ख्रिस्ती कोळ्यांच्या गावातून, मासे घेऊन आमच्या आवारात येत आणि आमच्याच खिडकीखाली पाटी उतरवत. आमच्या आवारातलं गिऱ्हाईक आटोपलं की पुढच्या इमारतीत जायचं. पण भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, समोर दिसेल त्याला हाक मारावी लागते. खिडकीशी मी बसायचो, म्हणून हाक मलाच. "बाला, हात लाव जरा." मी बाहेर जाऊन पाटीला हात लावायचो आणि मग दिवसभर बोटांना बोंबलाचा वास घेऊन माउस फिरवायचो.

एकदा खिडकीतून त्यांचं लक्ष कम्प्युटरच्या पडद्याकडे गेलं. पडद्यावर एक अस्वल मधाचं पिंप उचलत होतं. तीन दिवस आम्ही त्याच्यावर खपत होतो आणि काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. मावशींनी क्षणभर पाहिलं.

"पिंप मोकळा हाय त्याचा," त्या म्हणाल्या.

"मौसी, भरा हुआ है," इम्रान म्हणाला.

"मंग त्याला जड कुठं लागतंय? आदी पाय, मंग कंबर. हात शेवटाला."

इम्रानने खुर्ची फिरवली आणि ते वाक्य भिंतीवर मार्करने लिहून काढलं. आज आमच्याकडे दोनशेच्या वर माणसं काम करतात आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच वाक्य शिकवतात. कुणाचं, ते सांगत नाहीत. मीच कधी सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात आधी माणसाच्या हालचालीचं चित्रण करतात आणि ते पाहत पाहत पात्र चालवतात. स्वतःचा सिनेमा करायचा असं ठरलं तेव्हा आम्ही मावशींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. दुपार झाली होती, मासे संपले होते. "रिकामी पाटीच उचला, भरलेली आहे असं दाखवा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळा मासा ताजा म्हणून विकायला सांगितलाय. "अंगाला खोटं न्हाय बोलता येत, बाला. मना तरी न्हाय." मग सोसायटीच्या फरसबंदीसाठी आणलेले ब्लॉक आणून त्यांची पाटी भरली. मी हात लावला, त्यांनी उचलली आणि चालल्या. मान ताठ, पावलं आखूड, डावी कंबर जरा जास्त झुलणारी. वळायचं झालं तर नुसती मान नाही, सगळं अंग वळायचं, म्हणजे बर्फाचं पाणी सांडत नाही. इम्रान अख्खा तास "एक बार और, मौसी" म्हणत राहिला आणि त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "पिक्चरात माजं नाव येल?"

"येणार म्हणजे काय! शेवटी येतात नावं. शेवटपर्यंत बसा हं मावशी."

त्या चालीतून आमची म्हातारी कासवीण जन्मली. डोक्यावर गाठोडं घेऊन समुद्रकाठाने फिरणारी आणि दिसेल त्याला "हात लाव जरा" म्हणणारी. चाल त्यांची, वाक्य त्यांचं, मान वळवणंही त्यांचं. आमचं काय होतं, तर कवच.

सिनेमा यायच्या आधी एका पत्रकार बाईंनी विचारलं, "ही कासवीण सुचली कशी?" मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "माझ्या आजीवरून." माझी आजी गिरगावात वाढलेली, आयुष्यात तिने पर्सपेक्षा जड काही उचललं नाही. पण आजी म्हटलं की बरं दिसतं. दारावर येणाऱ्या मासेवालीकडून शिकलो म्हणायला माझी जीभ का रेटली नाही, हे मी बऱ्याच तऱ्हांनी स्वतःला समजावून पाहिलंय. खरं कारण एकच. मला लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.

शेवटच्या नामावलीची यादी करताना इम्रान म्हणाला, "मौसी का नाम डाल." मी लिहायला घेतलं आणि थांबलो. नाव काय? सहा वर्षं मी त्या पाटीला हात लावत होतो आणि मला नाव माहीत नव्हतं. "तुझे नहीं मालूम?" इम्रान म्हणाला. त्यालाही माहीत नव्हतं. उद्या विचारू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी पाटीला हात लावला, बोंबील कसे दिले ते विचारलं आणि नाव विचारलं नाही. सहा वर्षांनी कसं विचारायचं? शिवाय 'माझ्या आजीवरून' म्हटलेली माझी मुलाखत छापून आली होती. यादी तशीच गेली. तिच्यात आमच्या ऑफिसच्या मांजरीचं नाव होतं.

मीरा रोडच्याच थिएटरात त्या सिनेमा पाहायला आल्या, कॉलेजात शिकणाऱ्या नातीला घेऊन. तिकिटं मीच दिली होती. सिनेमा संपला, लोक उठले, मावशी बसून राहिल्या. मी दाराशी उभा होतो. नात एकेक नाव हळू आवाजात वाचत होती आणि मावशी मान ताठ ठेवून ऐकत होत्या. झाडूवाले आत आले तरी वाचन चाललं होतं. मला निघून जाता आलं असतं, गेलो नाही. दिवे लागल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. "लय मानसं लागली रं तुना," त्या म्हणाल्या. "मांजरीचं पन नाव हाय." नात माझ्याकडे पाहत होती. मी चपलेकडे पाहिलं.

त्यानंतरही त्या येत राहिल्या, पाटीला हात लावायला मलाच हाक मारत राहिल्या. मग आम्ही काचेच्या मोठ्या इमारतीत गेलो. तिथे मासे घेऊन आत येऊ देत नाहीत. मावशी एकदा फाटकापर्यंत येऊन गेल्या, असं वॉचमनने सांगितलं. मी त्याला पुढच्या वेळी सोड म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या सिनेमाची यादी करायची वेळ आली, तेव्हा कागद खिशात घालून मी पालीला गेलो. गल्लीत दोन-तीन बायका सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. "मीरा रोडला मासे विकायला यायच्या त्या मावशी कुठे राहतात?" मी विचारलं.

"कनची मावशी? आमी समद्याच मावश्या," एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. "नाव सांग ना."

नाव सांगता येईना. मग मी एक हात डोक्यावरच्या हवेतल्या पाटीला लावला, मान ताठ केली, डावी कंबर झुलवली आणि भर दुपारी त्या गल्लीतून चालून दाखवलं. सगळं अंग वळवून परत फिरलो. बायका हसून हसून वाकल्या. "अगो, ही त आपली मार्सेलीन!"

मार्सेलीन. असं मला ते नाव कळलं.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून ओळखीचा आवाज आला. "रिकामी हाय बाला तुजी पाटी. भरलेली अशी न्हाय चालत."

त्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. गुडघा गेला होता, पाटी सुटली होती. मी जवळ गेलो, कागद काढला आणि पूर्ण नाव सांगा म्हणालो. नव्या सिनेमात सगळ्यात वर टाकतो म्हणालो. चुकलो, हेही म्हणालो, पण ते बहुतेक मलाच ऐकू आलं असावं.

मावशींनी कागदाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नव्यात टाकून काय करू? नव्यात मी कुठं चालले?"

कागद मी घडी करून परत खिशात ठेवला. त्यांनी जुन्या सवयीने सुके बोंबील न्यायला सांगितलं आणि आत जायला उठू लागल्या. गुडघा साथ देईना. "हात लाव जरा," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला. इतकी वर्षं पाटीला हात लावला होता, मावशींना मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला.